एकापासून नवापर्यंत आणि परत

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. एकापासून नवापर्यंत चढत जायचं आणि तसंच उतरत एकावर यायचं. ही संख्या म्हणजे १११११११११ चा, नऊ एक्क्यांच्या संख्येचा वर्ग. शाळेत गणित शिकवताना मी ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. गणिताच्या तासाला खाली मान घालून बसणारी मुलंसुद्धा ती दिसली की मान वर करतात. पण बघून ‘वा!’ म्हणणं वेगळं आणि संख्या समजणं वेगळं. त्या दोहोंमधली वाट चालताना मला जे उमगलं, ते इथे मांडते आहे. सांगायचं एकच आहे: संख्येत नक्षी दिसली की तिचं कारण हाती लागेपर्यंत तिला सोडू नये. मोठी संख्या आपलीशी होते ती त्या कारणामुळे.

१. संख्या आधी मोठ्याने वाचावी

सतरा अंक एकदम समोर आले की डोळा मधले अंक गाळून पुढे सरकतो. म्हणून मी मुलांना आधी स्वल्पविराम द्यायला लावते: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. मग वाचायला सांगते. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. ‘कोटी’ दोनदा आला, की कोटीच्या वर आपली रोजची भाषा संपते हे मुलांच्या लक्षात येतं.

जुन्या गणितात ती संपत नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या नावांनी आपली संख्या डावीकडून अशी वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतरणीला आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीनशे एकवीस. प्रत्येक अंकाला स्वतःचं घर मिळालं. आणखी एक स्थान वर गेलं की परार्ध, म्हणजे त्या यादीचा शेवट. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याची नोंद आहे, हेही मी वर्गात सांगते. इतक्या मोठ्या संख्यांना नावानिशी ओळखणारी माणसं आपल्याच मुलखात शिकत-शिकवत होती, हे मुलांना कळायलाच हवं.

२. आकाराचा अंदाज घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये

‘खूप मोठी’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. किती मोठी? सेकंदांत मोजून बघा. १११११११११ सेकंद म्हणजे सुमारे साडेतीन वर्षं. पहिलीत गेलेलं मूल चौथीत पोचेल इतका काळ. आणि त्याच संख्येच्या वर्गाइतके सेकंद म्हणजे सुमारे ३९ कोटी वर्षं. इतक्या वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनासोर यायलाही बराच अवकाश होता.

वर्ग करणं म्हणजे काय, हे या दोन आकड्यांनी जितकं समजतं तितकं व्याख्येने समजत नाही. मोठ्या संख्येबद्दल मनात काही माप तयार झालं, तरच तिच्याशी बोलता येतं.

३. नक्षी दिसली की उभा गुणाकार मांडावा

ही चढ-उतार कुठून आली? याचं उत्तर चौथीत शिकलेल्या गुणाकारात आहे. १११११११११ ला १११११११११ ने गुणायचं म्हणजे तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दरवेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांत बघा. अगदी उजवीकडच्या रकान्यात एकच एक्का. त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, असं करत मधल्या रकान्यात नऊ. त्यापुढे ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा आणि शेवटी पुन्हा एक. रकान्यात जितके एक्के, तितका अंक. बस.

यातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. एकूण एक्के ९ × ९ = ८१. म्हणून या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. १ + २ + … + ९ + … + २ + १ ही बेरीज करून बघायची गरजच उरत नाही. नक्षीचं कारण सापडलं की शेजारच्या गोष्टीही आपोआप उलगडतात.

४. नक्षी कुठे मोडते ते शोधावं

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त शिकवणारा टप्पा हा. मुलांना विचारते, दहा एक्क्यांचा वर्ग किती? बहुतेक जण उत्साहाने चढ-उतार आणखी लांबवायला जातात आणि नवानंतर काय लिहायचं इथे अडतात. उत्तर आहे १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये दोन शून्यं, आणि डावीकडचा आठ गायब.

कारण पुन्हा रकान्यांत. मधल्या रकान्यात आता दहा एक्के जमतात. शून्य लिहायचं, हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळाला की तिथेही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठात मिळतो आणि आठाचे नऊ होतात. म्हणून सातानंतर थेट नऊ. अंकांची बेरीजही बघा. एक्के शंभर आहेत, पण अंकांची बेरीज येते ८२. प्रत्येक हातच्याला एका रकान्यातले दहा जातात आणि पुढच्या रकान्यात एक येतो, म्हणजे बेरीज नवाने घटते. दोन हातचे, म्हणून १८ कमी. हिशेब चोख जुळतो.

यावरून पुढचा प्रश्न निघतो. हातचा दहावर येतो तो आपण दशमान पद्धती वापरतो म्हणून. अष्टमान पद्धतीत सात एक्क्यांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसतो आणि तिथे चढ सातापर्यंतच जाते. संगणकात वापरतात त्या षोडशमान पद्धतीत ती पंधरा एक्क्यांपर्यंत टिकते. म्हणजे या नक्षीत थोडा वाटा संख्येचा आणि थोडा आपण ती लिहितो त्या पद्धतीचा. हे दोन वाटे वेगळे करता येणं ही गणिताची खरी समज.

५. अवयव पाडताना आंधळे भागाकार करू नयेत

सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव शोधायला सांगितलं तर कुणीही घाबरेल. पण वर्गमूळ ठाऊक असताना सतरा अंकांशी झुंजायचं कशाला? नऊ एक्के तीन-तीनच्या गटांत बघा: १११, १११, १११. म्हणजे १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. एवढ्यात वर्गमूळ सुटलं: ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपल्या संख्येत यातला प्रत्येक अवयव दुपटीने येतो, म्हणजे ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा.

उरला प्रश्न, ३३३६६७ मूळ आहे का? साध्या रीतीने तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल, आणि त्या आहेत १०६. इथे गणितज्ञ फर्मा मदतीला येतो. त्याने १६४० मध्ये एका पत्रात मांडलेला नियम असा: २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा एकाने कमी इतके नऊ ओळीने लिहून होणाऱ्या संख्येला तिने भाग जातो. शिवाय सर्वांत कमी जितक्या नवांना भाग जातो, तो आकडा त्या एकाने कमी असलेल्या संख्येला निःशेष भागतो. ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव नऊ नवांच्या संख्येला भागतो. म्हणून त्याच्यासाठी सर्वांत कमी नवांचा आकडा १, ३ किंवा ९ असू शकतो. १ आणि ३ या शक्यतांत फक्त ३ आणि ३७ येतात, आणि त्यांनी ३३३६६७ ला भाग जात नाही. उरले ९. म्हणजे अवयवातून एक वजा केला की ९ ने भाग जायलाच हवा, आणि अवयव विषम असल्याने १८ ने. आता ५७७ पर्यंत तपासायच्या मूळ संख्या उरल्या फक्त १७: १९, ३७, ७३, १०९ अशा. एकानेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

एकशे सहा भागाकारांचे सतरा झाले, आणि ते सतरा का पुरतात हे सांगताही आलं. हे हाताने करून पाहिलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी बघितला आहे. तो ‘वा!’ वाल्या आनंदाहून फार खोल असतो.

अवयव मिळाले की विभाजकही मोजता येतात: ५ × ३ × ३ = ४५. विषम आकडा आला, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. विभाजक जोडीजोडीने येतात, पण वर्गमूळाचा जोडीदार ते स्वतःच.

६. कसोटी का चालते हे कळल्याशिवाय ती ताणू नये

अंकांची बेरीज ८१ आली की काही मुलं लगेच म्हणतात, मग संख्येला ८१ ने भाग जाणार. उत्तर बरोबर आहे, कारण चुकीचं. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरती आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण तिला २७ ने भाग जात नाही. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो तो वर्गमूळाला ९ ने जातो म्हणून.

कसोटी नवापुरतीच का? कारण १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते. हे ज्याला कळलं तो स्वतः नवी कसोटी घडवू शकतो. १००० ला ९९९ ने भागलं तरी बाकी १ च. म्हणजे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करावी: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. ही ९९९ ची तिप्पट. म्हणून संख्येला ९९९ ने, आणि अर्थातच ३७ ने, भाग जातो. पाठ्यपुस्तकात ३७ ची कसोटी नसते, पण ती मुलांना पाठ करायला न देता बनवू द्यावी.

७. त्याच जागी दुसऱ्या वाटेनेही पोचून पाहावं

एका वाटेने उत्तर आलं तरी मी समाधान मानत नाही. १११११११११ ला ९ ने भागा: १२३४५६७९. आठ नसलेली ही संख्या ८१ ने गुणली की नऊ नव मिळतात. त्यावरून आपली संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशीही लिहिता येते. नऊ नवांनी गुणणं म्हणजे पुढे नऊ शून्यं जोडून मूळ संख्या वजा करणं. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा आणि चढ-उतार समोर उभी राहते. गुणाकाराच्या रकान्यांशी हिचा वरवर काहीच संबंध नाही, तरी जागा तीच.

मग १२३४५६७९ मधला आठ कुठे गेला? १ भागिले ८१ हा आवर्ती दशांश अपूर्णांक ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा चालतो. आणि १/८१ म्हणजे १/९ चा वर्ग, म्हणजेच ०.१११… चा वर्ग. तिथले रकाने १, २, ३ असे वाढत दहावर पोचतात, दहाचा हातचा नवात जातो आणि नवाचा आठात. दहा एक्क्यांच्या वर्गात जे घडलं तेच इथे. दोन वेगळी वाटणारी नवलं एकाच कारणाने घडतात, हे उमगतं तेव्हा गणिताचा विस्तार ओझं वाटत नाही.

८. यंत्राचं उत्तर ताळा करून घ्यावं

ही संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकून बघा. पंधरा अंक शाबूत राहतात आणि शेवटचे दोन शून्यं होतात: १२३४५६७८९८७६५४३००. संगणक अशा संख्येला ६४ बिटांची जागा देतो आणि त्यात अंकांसाठी ५३ बिटांचीच नेमकी ताकद असते. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या पुढे लगेचच्या टप्प्यात फक्त सम संख्या नेमक्या साठवता येतात, आणि आपली संख्या विषम आहे. पायथनसारख्या भाषेत पूर्ण संख्या हवी तेवढी लांब ठेवता येते, तिथे सगळे सतरा अंक मिळतात.

पण कोणतं उत्तर खरं हे ठरवायला आपल्या आजोबा-पणजोबांचा ताळा पुरतो. नऊ एक्क्यांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गालाही जायला हवा. स्प्रेडशीटच्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८ येते, म्हणजे ती तिथेच पकडली जाते. अकराचा ताळाही घ्यावा. एकाआड एक अंकांच्या बेरजा ४१ आणि ४०, फरक १. नऊ एक्क्यांना ११ ने भागलं तर बाकी १, तिचा वर्ग १. दोन्ही ताळे जुळले. पाठीवर शिकलेली ही रीत आजच्या यंत्रांसमोरही तितकीच कामाची आहे.

९. आपल्या आधी या वाटेने कोण गेलं ते जाणून घ्यावं

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. दोन्ही टोकांकडून सारख्या वाचता येणाऱ्या संख्या गुणाकारातून घडवून त्यांनी त्यांना गळ्यातल्या अलंकाराची उपमा दिली. त्यांत १२३४५६५४३२१ आहे, म्हणजे आपल्याच संख्येची धाकटी बहीण, सहा एक्क्यांचा वर्ग. १२३४५६७९ × ९ हा गुणाकारही तिथे आहे.

आणि मग आपले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. त्यांच्या मनात एका प्रकारच्या संख्या आल्या त्या मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. म्हणून त्या डेम्लो संख्या. त्यांचं वैशिष्ट्य असं, की डाव्या आणि उजव्या भागाची बेरीज केली की मधला अंकच पुन्हा पुन्हा येतो. आपल्या संख्येत मध्ये ९, डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. नुसत्या एक्क्यांच्या वर्गांवर त्यांनी १९३८ मध्ये लिहिलं आणि त्यांना ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटलं.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्याही इथे जवळच आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. तसंच ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८०००००००१. दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा नऊ नव. हा वर्ग आपल्या संख्येच्या बरोबर ८१ पट आहे. कापरेकरांच्या कामाला अनेक विद्वानांनी क्षुल्लक मानलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. मला ते क्षुल्लक कधीच वाटलं नाही. संख्यांवर इतकं निखळ प्रेम करणारा शिक्षक ज्या वर्गाला लाभला, तो वर्ग भाग्यवान.

१०. मोठी संख्या मुलांच्या हाती निर्धास्त द्यावी

वर सांगितलेलं बहुतेक सगळं गुणाकार, भागाकार, हातचा आणि बाकी एवढ्यावर चालतं. महाग साधनं लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. एक तास एकाच संख्येला दिला तर अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती शिक्षकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. त्या एका तासात विभाज्यता, वर्ग, अवयव, आवर्ती दशांश हे सगळे धडे एकमेकांना भेटतात आणि पुढे वेगवेगळे शिकवताना लवकर उमजतात.

आणि या वाटेने मूल थेट अनुत्तरित प्रश्नापर्यंत पोचतं. नुसत्या एक्क्यांची संख्या मूळ कधी असते? दोन एक्के, म्हणजे ११, मूळ आहे. त्यानंतर थेट १९ एक्के, मग २३, मग ३१७, मग १०३१. एक्क्यांचा आकडा मूळ नसेल तर आपण वर केले तसे गट पडतात, म्हणजे अवयव निघतात. पण आकडा मूळ असणं पुरेसं नाही: १११११ = ४१ × २७१. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. सहावीतल्या मुलाला हा प्रश्न पूर्ण समजतो, आणि जगातल्या मोठ्यात मोठ्या गणितज्ञाकडेही त्याचं उत्तर नाही. हे आपल्या मुलांना सांगा, कागद-पेन्सिल द्या, आणि पुढचा एक्का त्यांना लिहू द्या.